सुरय्याच्या नावची गाडी

बरकत तांबोळीला तंद्री लागायची ती गाडीतच. घरात नाही, मशिदीत नाही, कारखान्यात तर मुळीच नाही. कारखान्या-कारखान्यांतून तो कॉम्प्रेसर दुरुस्त करत फिरायचा, म्हणजे हवा दाबून ठेवणारी ती धडधडणारी यंत्रं, आणि तिथे तंद्री लागली असती तर बोटं गेली असती. पण चाकणचं काम उरकून गाडीत बसला, मोशीच्या अलीकडे वाहतूक तुंबली, की स्वारी निघालीच म्हणून समजा. समोर कंटेनरची पाठ, डावीकडे रिक्षावाल्याची कटकट, उजवीकडे कंपनीच्या बसमध्ये पहिल्या शिफ्टची माणसं माना टाकून झोपलेली. आणि आमचा बरकत कुठे? श्रीवर्धनच्या समुद्राकाठी!

स्वप्न ठरलेलं होतं. शेजारच्या सीटवर सुरय्या, त्याची बायको. काच खाली. तिच्या ओढणीचं टोक बाहेर फडफडतंय आणि ती म्हणतेय, "अहो, थांबवा ना जरा." मग तो गाडी थांबवतो, दोघं उतरतात, वाळू गरम असते. पुढे काय होतं ते त्याला कधी कळलंच नाही. कारण नेमका तेवढ्यात मागचा हॉर्न वाजायचा आणि कुणीतरी ओरडायचं, "ओ काका, झोपलात का काय!" बरकत दचकून पहिला गिअर टाकायचा आणि वीतभर पुढे सरकायचा. सीएनजीच्या रांगेत तर विचारूच नका. स्पाइन रोडच्या पंपावर रांग इतकी लांब असायची की तो श्रीवर्धनला जाऊन, मासे खाऊन परतही यायचा.

सुरय्याचं माहेर श्रीवर्धनकडचं. बरकत मूळचा उदगीरचा. तिच्या माहेरची बोली त्याला कळायची नाही, त्याच्या घरची दखनी तिला हसू आणायची. म्हणून लग्नानंतर निगडीत खोली घेतली तेव्हा दोघांनी मुकाट्याने मराठी धरली, ती कायमची. मंतशा, त्यांची मुलगी, आता कॉलेजात जाते. तिला तर दोन्हीकडच्या बोली आत्याच्या आणि मामाच्या फोनवरच ऐकू येतात.

आता गाडीचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

निकाहात नवरा बायकोला मेहेर, म्हणजे तिला द्यायची रक्कम किंवा वस्तू, कबूल करतो. तो तिचा असतो, तिचा एकटीचा. नवऱ्याचा त्याच्यावर हक्क नाही, सासऱ्याचा नाही, कुणाचा नाही. बरकतने लग्नात भरल्या मांडवात मोठ्या आवाजात मेहेर कबूल केला खरा, पण तेव्हा तो भोसरीत एका वर्कशॉपमध्ये हेल्पर होता. खिशात काय, तर बसचा पास! "पुढे देईन," म्हणाला. सुरय्याने मान हलवली. बायका अशी मान हलवतात तेव्हा त्यात काय काय असतं हे पुरुषांना कळायला अर्धं आयुष्य जातं, आणि काहींना तेवढ्यातही कळत नाही.

मग नोकरी लागली, नोकरी सुटली, त्याने स्वतःचा धंदा टाकला. हात चांगला होता, जीभ गोड होती, कामं मिळत गेली. कॉम्प्रेसर बंद पडला की अख्खा कारखाना हात बांधून उभा राहतो, त्यामुळे फोन आला की पळावं लागायचं. मोटारसायकलवर तेलाचे डबे बांधून किती पळणार? शेवटी एक जुनी पण धडधाकट करड्या रंगाची गाडी त्याने घेतली, आणि तिथे त्याच्या डोक्यात कल्पना आली. गाडी सुरय्याच्या नावावर घ्यायची. हाच तिचा मेहेर! सुरय्याचा भाऊ मुद्दाम आला होता. बरकत त्याच्यासमोर म्हणाला, "ही गाडी तुझी. मेहेर फिटला, कबूल?" सुरय्या म्हणाली, "कबूल." आणि मग ती खाली जाऊन गाडीभोवती एक फेरी मारून आली. बोनेटवरून हात फिरवला, आरशात बघून ओढणी सारखी केली. त्या दिवशी ती किती सुंदर दिसत होती हे बरकत अजून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुळीहून फोन आला आणि बरकत गाडी घेऊन कामावर गेला.

झालं! ती गाडी जी कामाला लागली ती लागलीच. डिकीत गॅसची टाकी बसवली, म्हणून पान्यांची पेटी मागच्या सीटवर आली. पेटीच्या शेजारी तेलाचे डबे आले, डब्यांवर फिल्टरची खोकी आली. मग सीटला प्लास्टिक घातलं, मग प्लास्टिकलाही तेलाचा वास लागला. तळेगाव-चाकण रस्त्याच्या खड्ड्यांनी शॉकअप खाल्ले, टायर खाल्ले, बरकतची कंबरही थोडी खाल्ली. ईदला पेटी उतरवून तिघं पाहुण्यांकडे जायची, बस. एकदा मंतशाला ताप आला तेव्हा दवाखान्यात. एकदा पुनावळ्याला मयतीला.

आणि सुरय्या? ती घरी शिलाई करायची. कारखान्यातल्या कामगारांचे एप्रन, हातमोजे, कव्हरं. पिंपरी मार्केटातून कापडाचे गठ्ठे आणायचे, शिवून पोचते करायचे. ते ती रिक्षाने आणायची. गाडीची मालकीण रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालतेय! पण हे चित्र बरकतला कधी दिसलं नाही. माणूस वाईट नव्हता हो. त्याचं लक्ष समुद्राकडे होतं, एवढंच.

इतकी वर्षं कराचं काम सरळ होतं. नफा अंदाजाने दाखवायचा, त्यावर कर भरायचा, मोकळं व्हायचं. यंदा मात्र महाळुंग्याकडची एक मोठी कंपनी त्याला कायमचं काम द्यायला तयार झाली, आणि तिने नीट मांडलेले हिशोब मागितले. बरकत गेला कराचं काम बघणाऱ्या स्वरूपा मॅडमकडे. मॅडमचं ऑफिस प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर, दारात तुळस आणि आत फायलींचे ढीग. वयाने बरकतपेक्षा लहान, पण तिने चष्म्यावरून बघितलं की बरकतला शाळेत गेल्यासारखं वाटायचं.

"बरकतभाई, तुमचा सगळ्यात मोठा खर्च कुठला माहितीये? गाडी," स्वरूपा म्हणाली. "गॅस, सर्व्हिसिंग, टायर, विमा. कामासाठी जेवढी फिरते तेवढं सगळं खर्चात धरता येतं. शिवाय घसारा."

"घसारा म्हणजे?"

"गाडी दरवर्षी थोडी थोडी झिजते ना? ती झीज सरकार खर्च म्हणून मान्य करतं."

हे ऐकून बरकत गहिवरलाच. खड्ड्यांतून इतकी वर्षं आपटत गेल्याची कुणीतरी, तेही सरकारने, दखल घेतली म्हणजे काय! "माणसाचा पण धरतात का?" त्याने विचारलं. स्वरूपा हसली आणि म्हणाली, नाही, माणूस आपला आपण झिजायचा.

"आता खरं सांगा," ती लिहायला सरसावली, "घरासाठी गाडी किती वापरता? कामाचं आणि घरचं वेगळं करावं लागतं. लोकांचं सहसा पाव हिस्सा तरी घरचं निघतं."

बरकत आठवायला लागला. ईद. ताप. मयत. परत ईद. आणखी? एकदा सुरय्याला बसस्टॉपपर्यंत सोडलं होतं, पण तो त्याच रस्त्याने कामालाच चालला होता. पाव हिस्सा कुठला आणायचा? त्याने बोटं मोडली, छताकडे पाहिलं.

"काहीच नाही म्हटलं तरी चालेल, मॅडम," तो शेवटी पुटपुटला.

"वा! मग तर तुमच्या फायद्याचंच आहे," स्वरूपा म्हणाली आणि गाडीचे कागद पुढे ओढले. मग तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पण गाडी तर सुरय्या बरकत तांबोळींच्या नावावर आहे."

"बायको माझी."

"ते कळलं. पण गाडी तिची, तुमची नाही. गॅस-पाणी धरू आपण. घसारा मिळणार नाही, तो मालकाला मिळतो. विमाही तिच्या नावाने, तिथेही प्रश्न येईल. सोपं आहे, गाडी तुमच्या नावावर करून घ्या. नवरा-बायकोत काय, एक सही घ्यायची. लगेच करा म्हणजे निदान पुढचं वर्ष तरी वाया जायचं नाही."

एक सही घ्यायची. बोलायला किती सोपं! बरकत बाहेर येऊन गाडीत बसला आणि बराच वेळ किल्ली फिरवायचं त्याला सुचलंच नाही. मेहेर परत मागायचा? भावासमोर दिलेला? बरं, मागायचा तरी कुठल्या तोंडाने, जो तिने एक दिवस वापरलेलाही नाही? झिजली ती तिची वस्तू, आणि झिजवली कुणी? पण दुसऱ्या बाजूला मोठी कंपनी होती, मंतशाची फी होती, आणि कर काही थोडा नव्हता.

त्या आठवड्यात त्याची तंद्री बिघडली. मोशीला गाड्या तुंबायच्या, तो डोळे अर्धवट मिटायचा, समुद्र यायचा, वाळू यायची, शेजारची सीट मात्र रिकामी. ओढणी फडफडायची, पण आत माणूस नाही. एकदा तर त्याला दिसलं की सुरय्या दूर किनाऱ्यावरून चालत चाललीये आणि तो गाडीतून हाक मारतोय, आणि तोंडातून आवाज येतोय तो कॉम्प्रेसरचा. तो इतका घाबरला की हिरवा दिवा लागून लाल झाला तरी तिथेच. मागच्या टेम्पोवाल्याने त्याच्या खानदानाचा उद्धार केला.

कुरुळीच्या रोहिदासआबांना त्याने सगळं सांगितलं. आबांच्या जमिनीवर आता कारखान्यांची शेड उभी होती, भाडं येत होतं, आणि आबा दिवसभर शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. गावातल्या सगळ्या भानगडींवर त्यांच्याकडे इलाज असायचा.

"आरं, त्यात काय येवढं?" आबा म्हणाले. "आमी बी घेतलेलं समदं मालकिणीच्याच नावावर घेतो. शेड तिच्या नावावर, टॅक्टर तिच्या नावावर. तिच्या पायगुणानं आलंय ना! पर सही लागली की कागुद म्होरं सरकवायचा, बोटानं जागा दावायची. ती करती सही. इचारायचं कशाला?"

"आणि त्यांनी कधी विचारलं, कशाची सही?"

"न्हाई बा." आबांनी घराच्या दिशेने उगाच बघितलं. "कंदीच न्हाई इचारलं," ते म्हणाले, आणि मग चहा मागवला.

बरकतने कागद आणले. ते शर्टाच्या खिशात घडी करून दोन-तीन दिवस हिंडवले. घामाने ते मऊ पडले. शेवटी एका संध्याकाळी, सुरय्या खिडकीपाशी मशीनवर निळे एप्रन शिवत होती, मंतशा क्लासला गेली होती, बाहेर खाली पोरांचा क्रिकेटचा गलका चालला होता, तेव्हा त्याने धीर केला आणि कागद कापडावर ठेवला.

"एक सही हवी होती."

"कसली?"

खोटं बोलावं असं एक क्षण त्याला वाटलं. रोहिदासआबा आठवले. पण जीभ वळली नाही. "गाडीची," तो म्हणाला. "माझ्या नावावर करायची आहे. मॅडम म्हणतात कर वाचेल. गाडी झिजते त्याचं... ते मालकालाच मिळतं."

सुरय्याने मशीन थांबवलं. कागदावरची धाग्याची कातरण झटकली. पेन मागितलं. आणि सही केली, जिथे जिथे खूण होती तिथे तिथे, एकही ओळ न वाचता. "झालं?" म्हणाली, आणि परत पायाने मशीन चालू केलं.

बरकतला कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. भांडेल, रुसेल, भावाला फोन लावेल, निदान एकदा वर तरी बघेल, सगळ्याची त्याने मनात तयारी केली होती. याची नव्हती.

"सुरय्या," तो मशीनच्या आवाजावरून मोठ्याने म्हणाला, "तुला काहीच वाटलं नाही?"

तिने पाय थांबवला. "काय वाटायचंय? गाडी तुमचीच तर आहे. मी कधी माझी म्हटली?" आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. "पहिल्या दिवशी वाटलं होतं थोडं. रात्री झोपताना ठरवलं होतं, सकाळी तुम्हाला म्हणायचं, मला पिंपरीपर्यंत न्या, गाडीतून. सकाळी खाली बघते तर गाडी नाही. मग म्हटलं, असू दे, कामाची गोष्ट आहे."

"मला बोलायचं होतंस!"

"आणि तुम्ही विचारायचं होतं," ती म्हणाली आणि दोरा तोडायला खाली वाकली.

पुढचे दोन दिवस घरात सगळं नेहमीसारखं होतं. भाकऱ्या नेहमीसारख्या, चहा नेहमीसारखा. हेच बरकतला सोसवेना. तिसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मोशीला आरटीओत गेला. म्हटलं, एकदाचं उरकून टाकू, जीव टांगणीला लागलाय तो तरी सुटेल. बाहेर झाडाखाली एजंट टेबल टाकून बसले होते. एकाने कागद घेतले, सराईतपणे चाळले, सुरय्याच्या सह्या तपासल्या.

"एकदम ओके, काका. किंमत किती टाकू?"

"कसली किंमत?"

"गाडी मॅडमनी तुम्हाला कितीला विकली? काहीतरी आकडा टाकावा लागेल ना. का नुसतं बक्षीस दाखवायचं? टाका काहीपण, कोण बघतंय."

ऊन पानांतून टेबलावर हलत होतं. मागे कुणाची तरी लायसन्सची परीक्षा चालली होती, एक बाई गाडी उलटी घेता घेता वारंवार बंद पाडत होती आणि स्वतःवरच खदखदून हसत होती. बरकत तिच्याकडे बघत राहिला. एजंटने दोनदा हाक मारली. काय आकडा सांगणार होता तो? तिने कितीला विकली? सुरय्याने तर फुकट दिली होती. मागणाऱ्याला मागताना जेवढी लाज वाटायला हवी, तेवढीसुद्धा तिने त्याला वाटू दिली नव्हती. आता मात्र ती सगळी एकदम वाटली. सावलीतही कान तापले.

"काका, काय टाकू?"

"काही नको टाकूस. गाडी बायकोची आहे," बरकत म्हणाला, आणि कागद काढून घेऊन चालता झाला. एजंट मागून ओरडला, "अहो, मग आलात कशाला!" त्याचंही चुकलं नाही म्हणा.

तिथून तो थेट स्वरूपाकडे. "मॅडम, घसारा नको. जेवढा कर होईल तेवढा भरतो." स्वरूपाने समजावून पाहिलं, यंत्रावर आकडे बडवून दाखवले. बरकत ऐकेना. "आणि आठवड्यातले दोन दिवस मी बसने जाणार आहे. बसचं तिकीट धरता येतं का?"

"धरता येतं की. कामाला गेलात तर पुरतं तिकीट कामाचं," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच चष्म्यावरून न बघता सरळ बघितलं. "पण का हो?"

"त्या दोन दिवसांत गाडीचं मालकिणीकडे काम असतं," बरकत म्हणाला.

घरी येऊन त्याने हे सुरय्याला मोठ्या थाटात ऐकवलं. मंगळवार आणि शुक्रवार. पेटी आणि डबे रोहिदासआबांच्या शेडमध्ये राहतील, तो नुसती पिशवी घेऊन जाईल. ऐकून सुरय्या कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आणि मी काय करू गाडीत बसून? हॉर्न वाजवू?"

मंतशा इतकी हसली की तिला ठसका लागला. खरंच की! मालकिणीला गाडी चालवता येत नाही, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. स्वप्नातसुद्धा स्टेअरिंग नेहमी त्याच्याच हातात असायचं!

मग ड्रायव्हिंग स्कूल झालं. मग रविवारी पहाटे प्राधिकरणातल्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवर सराव झाला. थंडीचे दिवस, झाडांच्या खाली धुकं साचलेलं, दुधवाल्यांखेरीज चिटपाखरू नाही. सुरय्या ताठ बसायची, दोन्ही हातांनी स्टेअरिंग गच्च धरायची आणि "या अल्ला" म्हणत क्लच सोडायची. गाडी दोनदा उसळायची आणि बंद. बरकत शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचा. "अगं गतिरोधक! गतिरोधक!" तो ओरडायचा. "दिसतोय मला!" ती ओरडायची, आणि गतिरोधकावरून गाडी नाचत जायची. आणि तरीही ती सकाळ त्याला फार आवडायची. शेजारच्या सीटवरून जग निराळं दिसतं. रस्त्याकडे बघायचं नसतं, म्हणून बायकोकडे बघता येतं. कपाळावर आलेली तिची बट, जिभेचं टोक ओठांत धरायची सवय, कानामागे मशीनच्या तेलाचा एक डाग. इतकी वर्षं हे सगळं कुठे होतं? धुक्यातून गाडी हळूहळू जायची आणि बरकतला कुठे पोचायची घाई नसायची.

लायसन्स आलं. पहिल्या मंगळवारी बरकत पिशवी घेऊन भक्ती-शक्ती चौकात बसस्टॉपवर उभा राहिला. सुरय्याला पिंपरीला जायचं होतं, कापड आणायला. एकटी. तिने त्याला बजावलं होतं, तुम्ही शेजारी नको, तुम्ही ओरडता. ट्रक, कंटेनर, उड्डाणपूल, सगळा चौक त्याला आज तिच्या जिवावर उठल्यासारखा वाटत होता. कुठे हॉर्न वाजला की तो टाचा उंचावून बघायचा.

आणि मग ती आली. करडी गाडी, काच खाली, मागची सीट रिकामी, स्वच्छ. सिग्नलला थांबली, नीट, पट्ट्याच्या अलीकडे. तो रस्त्याच्या पलीकडे होता. हाक मारावी असं त्याच्या फार मनात आलं, पण दचकेल म्हणून त्याने तोंड दाबून धरलं. ती एकटीच काहीतरी बोलत होती. नाही, बोलत नव्हती. गात होती! मान हलवत, स्टेअरिंगवर बोटांनी ताल धरून. घरात तिने कधी गाणं म्हटलेलं त्याला आठवेना. त्या गाण्याचा एकही शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, वाहतूकच एवढी होती.

दिवा हिरवा झाला. पिंपरी उजवीकडे. सुरय्याने डावीकडे वळवली.

डावीकडे देहूरोड, पुढे नुसता मोठा रस्ता. चुकली? नाही. व्यवस्थित दिवा दाखवून, मागचा ट्रक जाऊ देऊन, अगदी सावकाश वळली होती. गाडी लहान लहान होत गेली, उन्हात एकदा काच चमकली आणि मग गर्दीत दिसेनाशी झाली. बरकतचे डोळे भरून आले. बसस्टॉपवरचा एक कामगार म्हणाला, "काय झालं, भाऊ? बस गेली काय?" बस खरंच गेली होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कापडाचे गठ्ठे भिंतीशी लागलेले होते आणि सुरय्या चहा गाळत होती. त्याने हातपाय धुतले, खुर्चीत बसला, कप घेतला. शेवटी राहवलं नाही.

"सकाळी डावीकडे वळलीस. कुठे गेली होतीस?"

सुरय्याने त्याच्याकडे पाहिलं. लाजली नाही, घाबरली नाही. गाळणी झटकली आणि हसली.

"माझी गाडी आहे," ती म्हणाली. "कुठे गेले ते तुम्हाला कशाला?"